वरचे साठ किलो

गळ्याशपथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. मुद्दाम मोठ्याने सांगते, म्हणजे मागून कुणी 'आजीने नेहमीसारखी फेकली' म्हणायला नको. माझी ख्याती मला ठाऊक आहे. एक सील समुद्रातून सरपटत आमच्या तंबूत शिरला, आठ सॉसेज खाल्ले आणि माझ्या उशीवर डोकं टेकून झोपला, ही गोष्ट मी नातवंडांना वीस वर्षं सांगतेय. त्यातले सॉसेज तेवढे खरे होते.

ही गोष्ट तसली नाही. हिच्यात आकडे आहेत, आणि ते माझे नाहीत, नेव्हिल क्रॅगचे आहेत. नेव्हिलला थापा मारता येत नाहीत. सदतीस वर्षं तो काउंटीचा वजनमाप निरीक्षक होता. दुकानात तो शिरला की खाटीक आधी अंगठा तराजूवरून काढायचे आणि मग नमस्कार करायचे.

दर गुरुवारी अकरा वाजता आम्ही नर्सरीतल्या कॅफेत जमायचो. झाडांच्या नर्सरीत. आमच्या टेबलाचा आवाज ऐकून लोकांना पोरांची वाटायची ते सोडा. चौघं होतो: मी थेल्मा, कीथ आणि त्याची बायको डोरीन, आणि नेव्हिल. चौघंही निवृत्त, चौघंही कॅरॅव्हॅनवाले. कॅरॅव्हॅन म्हणजे गाडीच्या मागे हुकाला लावून ओढायची चाकांवरची खोली. ज्यांनी ती कधी ओढली नाही त्यांना ते घर वाटतं. ज्यांनी ओढली त्यांना ते वजन असतं.

पहिला चहा जुन्यांचा. कीथची पहिली कॅरॅव्हॅन अडुसष्ट सालची, तपकिरी पडदे आणि गॅसचा दिवा. ओढायला आकाशी रंगाची गाडी.

"चढावर ती गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगायची," कीथ दर आठवड्याला सांगायचा. "आणि डोरीन मागून दगड घेऊन चालायची. गाडी थांबली की दगड चाकाखाली."

"चार मैल," डोरीन म्हणायची. "हनीमून होता आमचा."

"दगड अजून आहे घरी."

"हो. नवऱ्यापेक्षा कामाचा निघाला."

मी आमच्या मॉरिस गाडीचं सांगायचे, आणि वळणावर आपोआप उघडणाऱ्या त्या दाराचं. माझा नवरा लेस्ली ते दार स्वतःच्या टायने बांधून ठेवायचा, म्हणून दर सुट्टीला एक टाय जास्तीचा घ्यायचा. लेस्लीला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. तो गेल्यानंतरच्या वसंतातच मी कॅरॅव्हॅन विकली. मला ती ओढता यायची, पण मागे घेता यायची नाही. कितीही सांभाळलं तरी कधीतरी मागे घ्यावीच लागते.

दुसरा चहा नव्यांचा. कीथ प्रदर्शनातून माहितीपत्रकं आणायचा आणि आम्ही सॉसेज रोलचे कण झटकत ती वाचायचो. कुठल्या गाडीला कुठली कॅरॅव्हॅन झेपेल, पलंग आडवा बरा की उभा. त्या टेबलावर कीथने अकरा कॅरॅव्हॅन ठरवल्या आणि एकही घेतली नाही. नवीन घ्यायचं बोलणारा माणूस मनात अजून दहा वर्षं धरून चालतो. ती दहा वर्षं आम्ही दर गुरुवारी एकमेकांना द्यायचो, मग मी घरी जायचे आणि शुक्रवार सुरू व्हायचा. काही आठवड्यांत गुरुवार ते गुरुवार माझा आवाज फक्त मांजर ऐकायचं. ते मांजरही शेजाऱ्यांचं.

नेव्हिलने लग्न केलं नाही. भाऊ नाही, बहीण नाही, कुणी वारलेलं प्रेमपात्रही नाही. डोरीनने चौकशी केली होती. पन्नास वर्षं तो एकटाच कॅरॅव्हॅन घेऊन हिंडला. आत ठेवलेल्या प्रत्येक वस्तूचं वजन एका कागदावर लिहिलेलं. किटली नऊशे ग्रॅम. कप एक, दोनशे दहा ग्रॅम. चमचे दोन.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी गाड्या लावायच्या जागेत तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. वारा इतका की टोपी हातात धरावी लागत होती.

"थेल्मा, माझ्याकडे साठ किलो शिल्लक आहेत."

मला वाटलं हा बारीक व्हायचं म्हणतोय.

"कंपनीच्या पाटीवर लिहिलंय, भरलेली कॅरॅव्हॅन बाराशे किलोच्या वर जाता कामा नये," तो म्हणाला. "माझ्या कागदाप्रमाणे ती अकराशे चाळीस भरते. तुझे कपडे, अंथरूण, खुर्ची, भांडी. साठात बसतील. आत दोन बाक आहेत. मध्ये पडदा आहे. मे महिन्यात नॉर्थम्बरलंडला जाईन म्हणतो."

"मी स्वतः बाहत्तर किलो आहे, नेव्हिल."

"तू गाडीत बसणार. ओढताना कॅरॅव्हॅनमध्ये माणूस बसवायचा नसतो." मग जरा थांबून, "मागे घेताना कुणीतरी हात दाखवायला असलं तर बरं पडतं."

पन्नास वर्षं हा माणूस कुणीही हात न दाखवता मागे घेत आला होता. मी म्हटलं, विचार करते. गाडीत बसून दार लावलं आणि दोन मिनिटं विचार केला. तोपर्यंत तो तिथेच टोपी धरून उभा होता. मग काच खाली केली आणि हो म्हटलं.

त्या संध्याकाळी मी न्हाणीघरातला वजनकाटा दिवाणखान्यात आणला आणि एकेक वस्तू त्यावर ठेवली. अठ्ठावन्न किलो भरलं. नेव्हिलला दोन किलोपेक्षा जास्त मोकळीक आवडेल, म्हणून लेस्लीचा बिडाचा तवा काढून ठेवला. पंचावन्न. सहा वर्षांत मी पहिल्यांदा कपड्यांना इस्त्री केली.

दर मार्चमध्ये, पहिल्या सहलीच्या आधी, नेव्हिल कॅरॅव्हॅन वजन करायला नेतो. गावाबाहेर बटाट्याच्या व्यापाऱ्याचा मोठा वजनकाटा आहे, ट्रकचा. दोन्ही बाजूंना नुसती शेतं, कोबी आणि कालवे. आमच्याकडे जमीन अशी सपाट की कुणी येताना दिसलं की ते पोचेपर्यंत त्याच्याबद्दल सगळं बोलून होतं. काट्यावर पॉला बसते. आधी तिचा बाप बसायचा, आणि त्याच्या काळात त्या काट्याला सरकारी शिक्का मारायला नेव्हिलच यायचा.

"आलात साहेब," पॉला खिडकीतून म्हणाली. "या वर्षी बाईमाणूस सोबत. यांचं वजन धरायचं का?"

"धरून बघ," मी म्हटलं. "काटा मोडेल तुझा."

नेव्हिलने कॅरॅव्हॅन काट्याच्या पट्टीवर घेतली, गाडी सोडवून पुढे नेली. माझं सामान अजून घरीच होतं. त्याच्या कागदाप्रमाणे अकराशे चाळीस यायला हवे होते. पॉलाने चिठ्ठी बाहेर दिली. बाराशे.

नेव्हिलने चिठ्ठी वाचली. उलटी करून मागे बघितलं. कॅरॅव्हॅन उतरवून पुन्हा चढवली. बाराशे.

जी जागा माझी होती ती कुणीतरी घेतली होती.

गुरुवारी टेबलावर दुसरं काही बोलणंच नाही. "ओल," कीथ म्हणाला. "भिंतीत पाणी मुरलं. जुन्यांना होतं." डोरीन म्हणाली, "नेव्हिल, बाई लपवलीयस का कपाटात?" नेव्हिलच्या कानांची टोकं लाल झाली. त्याच दुपारी त्याने ओल मोजायचं यंत्र लावून एकेक फळी तपासली. कॅरॅव्हॅन रस्कसारखी कोरडी होती.

एप्रिलमध्ये आम्ही दोघांनी ती पूर्ण रिकामी केली. कॅरॅव्हॅन एका शेतकऱ्याच्या आवारात उभी असते, इतर चाळीस कॅरॅव्हॅनच्या रांगेत. गाद्या गवतावर, गॅसची टाकी गवतावर, चमचे गवतावर. मी फरशीवरची चटईसुद्धा गुंडाळून काढली. बाकांखाली डोकं घालून बघितलं. तिथे एक वाळलेली माशी होती. नेव्हिलने तीही उचलली.

रिकामी कॅरॅव्हॅन एक हजार साठ यायला हवी. पॉलाची चिठ्ठी: अकराशे वीस.

"काटा बरोबर आहे, साहेब," पॉला म्हणाली. या वेळी ती थट्टेच्या सुरात नव्हती. "सकाळपासून नऊ ट्रक गेले. पोत्याला पोतं जुळलं."

"मला माहीत आहे," नेव्हिल म्हणाला.

परत येताना तो एकदाच बोलला. "साठच आहे. भरलेली असो, रिकामी असो. ओल असती तर कमीजास्त झाली असती."

मग दोन गुरुवार नेव्हिल आला नाही. तिसऱ्या आठवड्यात मी स्वतःच त्या आवारात गेले. मे सुरू झालेला, लख्ख ऊन, सकाळचे दहा. रांगेच्या टोकाला त्याची कॅरॅव्हॅन गाडीपासून सोडवून उभी होती आणि तो तिच्या पुढे स्टुलावर बसला होता. कॅरॅव्हॅनच्या नाकाशी, हुकाखाली, त्याने तो छोटा काटा लावला होता. कॅरॅव्हॅनवाल्यांकडे असतो तो. नाक किती दाबतंय ते त्यावर दिसतं. आतलं वजन पुढे सरकलं की आकडा चढतो, मागे सरकलं की उतरतो. साधी सीसॉ.

"बस," तो म्हणाला. दुसरं स्टूल होतं. मी येणार हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आत कुणी नसलं की नाकावर पंचावन्न असतात," तो म्हणाला. "आता बघ."

काटा नव्वदवर होता.

"म्हणजे?"

"म्हणजे ते पुढे आहे. खिडकीपाशी, बाकावर. सकाळी तिथेच असतं."

मी खिडकीकडे बघितलं. पडदे बाजूला केलेले. आतला बाक दिसत होता, त्यावर ऊन पडलं होतं. मी काट्याकडे बघितलं, मग आवाराकडे. दूर शेतकऱ्याचा ट्रॅक्टर चालला होता. कॅरॅव्हॅनला कुणी हात लावलेला नव्हता, वारा पडलेला होता.

काट्याची सुई हलली.

ती सावकाश उतरत गेली. पंचाऐंशी, ऐंशी, सत्तर. पंचावन्नवर थांबली. पंचावन्न म्हणजे वजन बरोबर चाकांवर, मधोमध. त्या कॅरॅव्हॅनमध्ये चाकांवर स्वयंपाकाचा ओटा आहे. सुई तिथे चांगली तीन-चार मिनिटं उभी राहिली. नेव्हिल घड्याळ बघत होता. मग ती पुन्हा उतरायला लागली. चाळीस. तीस. वीस. आत एक फळी करकरली. मागच्या बाकाजवळची.

"आता आडवं झालं," नेव्हिल म्हणाला.

मी उठून दार उघडलं. आत कुणी नव्हतं. लाकूड तापल्याचा वास, गाद्यांचा वास. सगळं त्याने पुन्हा जागच्या जागी लावलं होतं. ओट्यावर दोन कप उपडे घातलेले. दोन्हींखाली पाण्याची वर्तुळं.

कपाटाच्या दारावर त्याचा कागद चिकटवलेला होता. कप एक, त्यातला 'एक' खोडून पेन्सिलीने 'दोन', चारशे वीस ग्रॅम. अगदी खाली, बेरजेच्या आधी, एक नवीन ओळ होती. वस्तूचं नाव नव्हतं. पुढे साठ लिहिले होते.

मी बाहेर येऊन स्टुलावर बसले. "कोण आहे ते?"

"माझं कुणीच नव्हतं, थेल्मा. कुणी असतं तर म्हणालो असतो की तेच." त्याने काट्याची काच रुमालाने पुसली. "मी आधी घाबरलो. मग मोजलं. मोजल्यावर भीती कमी होते."

"आणि माझं सामान?"

त्याने रुमालाची घडी केली.

"पंचावन्न तुझे," तो म्हणाला. "मर्यादा बाराशे. तिघांचं यात बसत नाही."

"मग त्याला काढ."

"कसं काढू? आणि काढून कुठे ठेवू?"

त्या आवाजात मला कळलं की मी या स्पर्धेत दुसरी आहे. पहिलं कोण ते मला माहीतसुद्धा नव्हतं. घरी गेले. इस्त्री केलेले कपडे पलंगावर तसेच होते. मी ते कपाटात ठेवले नाहीत. खुर्चीवर ठेवले.

आणि मग मी लबाडी केली. पुढच्या गुरुवारी कीथच्या आधी मीच माहितीपत्रकं घेऊन गेले.

"नेव्हिल, तुझी एकवीस वर्षं जुनी झाली. नवीन घे. जास्त वजन नेणारी."

कीथच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्याच्या अकरा ठरलेल्या कॅरॅव्हॅनपैकी एक तरी कुणीतरी घेणार होतं. "पण मोठी घेतली तर तुझी जुनी गाडी ओढणार नाही," तो म्हणाला. "गाडीही नवीन लागेल. थांब, कागद दे." दोन गुरुवार आम्ही चौघं त्या टेबलावर बेरजा करत बसलो. डोरीनने दोनदा स्कोन मागवले आणि दोन्ही वेळा कीथने ते न बघता खाल्ले.

नेव्हिलने निवडली ती कॅरॅव्हॅन रिकामी बाराशेची आणि भरून चौदाशेपर्यंत चालणारी. त्याने माझ्यासमोर बेरीज केली. त्याचं सामान ऐंशी. माझे पंचावन्न. त्याखाली त्याने साठ लिहिले. एकशे पंचाण्णव. पाच किलो शिल्लक.

त्याने तिघांची जागा असलेली शोधली होती. मी बेरीज बरोबर आहे म्हटलं. माझ्या मनात तेव्हाच दुसरं होतं.

जुनी दुकानदाराला देऊन नवीन घ्यायची, असा व्यवहार. ऑगस्टमधली दुपार. दुकानदाराच्या आवारात नेव्हिलने जुनी कॅरॅव्हॅन नव्या कॅरॅव्हॅनशेजारी नेऊन लावली. मीच मागे उभी राहून हात दाखवले. त्याने ती दोनदा पुढेमागे केली, दोन्हींची दारं समोरासमोर येईपर्यंत. मध्ये एका पावलाचं अंतर. मग दोन्ही दारं उघडली आणि हुकात अडकवली.

"मी सह्या करून येतो," तो म्हणाला. "अर्धा तास लागेल. तू दारांना हात लावू नकोस."

तो आत गेला. मी त्या दोन दारांच्या मध्ये उभी राहिले. जुन्या कॅरॅव्हॅनमधून तापलेल्या लाकडाचा वास येत होता, नवीमधून प्लॅस्टिकचा. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. मी आत बघितलं. मागचा बाक रिकामा होता, पण त्यावरची गादी मधोमध किंचित दबलेली दिसत होती. जुन्या गाद्या तशा दबतातच.

मी चौऱ्याहत्तर वर्षांची होते. मला नॉर्थम्बरलंडला जायचं होतं. मला कुणीतरी सकाळी 'चहा घेणार का' असं विचारायला हवं होतं.

मी जुन्या कॅरॅव्हॅनचं दार हुकातून सोडवलं आणि लावलं. किल्ली फिरवली.

नेव्हिल परत आला तेव्हा मी किल्ली त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "वाऱ्याने लागलं." वारा नव्हता. त्याने किल्लीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही.

आठवड्याने आम्ही नवी कॅरॅव्हॅन सगळं सामान भरून पॉलाकडे नेली. कपाटाला नवा कागद, त्यावर माझी खुर्ची, माझी चादर, माझे चमचे. बाराशे आणि ऐंशी आणि पंचावन्न: तेराशे पस्तीस. पॉलाचा काटा वीस वीसच्या पायऱ्यांनी मोजतो. चिठ्ठीवर तेराशे चाळीस आलं.

"जुळलं, साहेब," पॉला म्हणाली. तिला सुटल्यासारखं वाटत होतं. मलाही.

नेव्हिल चिठ्ठी हातात घेऊन पट्टीवर उभा राहिला. कोबीच्या शेतावर पाखरं उतरली, पुन्हा उठली. त्याने चिठ्ठीची घडी केली आणि खिशात ठेवली. "बरोबर आहे," तो म्हणाला. त्या दिवशी मला तो पहिल्यांदा म्हातारा वाटला.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी आम्ही निघालो. सकाळचे साडेनऊ. कीथ आणि डोरीन निरोपाला आले होते. डोरीनने मला फ्रूट केक दिला. "एक किलो शंभर ग्रॅम आहे," ती म्हणाली. "त्याला सांगू नकोस."

मी कॅरॅव्हॅनच्या मागे उभी राहिले. नेव्हिलने दिवे लावून दाखवले. डावा इंडिकेटर. उजवा इंडिकेटर. ब्रेक. प्रत्येक वेळी मी अंगठा वर केला आणि प्रत्येक वेळी त्याचे डोळे आरशात माझ्याकडे होते. मी येऊन त्याच्या शेजारी बसले. पट्टा लावला. केक मांडीवर घेतला.

नवी गाडी बडबडी होती. दार नीट लागलं नाही तरी सांगायची, बाहेर थंडी असली तरी सांगायची. नेव्हिलने बटण दाबलं आणि ती वाजायला लागली. टिंग, टिंग, टिंग.

पडद्यावर गाडीचं चित्र आलं, वरून बघितल्यासारखं. पाच सीटचे पाच चौकोन. पुढचे दोन हिरवे. मागचा डावीकडचा लाल.

"मागच्या माणसाने सीटबेल्ट लावला नाही म्हणतेय," नेव्हिल म्हणाला.

"पिशवी ठेवलीस का मागे?"

"मागे काही नाही."

मी मान वळवली नाही. मागचा डावीकडचा, म्हणजे माझ्या पाठीमागचा.

टिंग, टिंग, टिंग.

बाहेर कीथ हात हलवून थांबला होता. आम्ही का निघत नाही ते त्याला कळेना.

"मी दार लावलं होतं," मी म्हटलं. "वाऱ्याने नाही लागलं. मी लावलं."

"मला माहीत आहे," नेव्हिल म्हणाला.

माझ्या सीटची पाठ मागून किंचित दाबली गेली, कुणी मागे बसताना हाताने आधार घेतं तशी.

नेव्हिल खाली उतरला. मागचं दार उघडलं, आत वाकला, पट्टा ओढून रिकाम्या सीटवरून आडवा घेतला आणि खटकन लावला. टिंग थांबलं. पडद्यावरचा तिसरा चौकोन हिरवा झाला. तो परत येऊन बसला, आरसा नीट केला आणि आम्ही निघालो. कीथ आणि डोरीन लहान होत होत बराच वेळ दिसत राहिले.

नॉर्थम्बरलंडला सहा दिवस होतो. हवा चांगली होती. सकाळी नेव्हिल चहा घेणार का विचारायचा आणि मी हो म्हणायचे, आणि तो तीन कप काढायचा. नंतर वेल्सला गेलो, स्कॉटलंडला गेलो. अजूनही जातो. मी एकदाही मागे वळून बघितलेलं नाही.

आता शपथ घेतली आहे तर सांगून टाकते. एवढ्या सगळ्यात एकच गोष्ट मी पदरची घातली. डोरीनला सांगताना घातली होती आणि मग तीच तोंडात बसली. नेव्हिल खाली उतरला नव्हता.

आम्ही दोघं पुढेच बसलो होतो, आपापले पट्टे लावून, समोर बघत. त्याचे दोन्ही हात चाकावर होते. माझे केकच्या डब्यावर. टिंग टिंग बराच वेळ चालू होतं. मग माझ्या पाठीमागे पट्टा उलगडत आल्याचा आवाज झाला, हळूहळू, मध्ये एकदा अडकून, सवय नसलेलं कुणी ओढतं तसा. दोनदा कडी चुकली.

तिसऱ्यांदा बसली.